फोटोत निघालेला मणका

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाची पारख करताना आपण मराठी माणसे त्याच्या पाठीकडे फार बघतो. ताठ कण्याचा तो बाणेदार, कणा नसलेला तो लाचार, आणि ज्याचा कणाच मोडला त्याच्याबद्दल बोलायलाच नको. वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी कोणीतरी तरुणांना ‘राष्ट्राचा कणा’ म्हणतोच, आणि टाळ्याही पडतात. पण कण्याचे हे कौतुक करणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतःचा कणा पाहिलेला असतो? १८९५ सालापर्यंत जिवंत माणसाचा कणा डोळ्यांनी पाहण्याची सोयच नव्हती. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला जर्मनीत व्युर्झबर्ग येथे प्राध्यापक रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले. दीड महिन्यात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. त्यात बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी दोन्ही दिसली. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही, हे मला त्यांच्या शोधाइतकेच मोठे वाटते.

आज आमच्या रबाळ्यात स्टेशनबाहेर पडून गल्लीत शिरले की ‘डिजिटल एक्स-रे’ ही पाटी किराणा दुकानाच्या पाटीइतकीच सहज दिसते. आमच्याकडे मात्र ‘एक्स-रे काढला’ असे फारसे कोणी म्हणत नाही. ‘छातीचा फोटो काढला’ म्हणतात. शब्द अडाणी वाटेल, पण तो फार नेमका आहे. लग्नात नवरानवरीचा फोटो काढला तरी मागे कोण उभे होते, कोण जांभई देत होते, तेही त्यात येतेच. छातीच्या फोटोचेही तसेच. पाहायचे असते फुप्फुस. पण मागे पाठीचा कणा उभा असतो, तोही फोटोत येतो. आणि क्वचित एखाद्याच्या कण्यात असे काही निघते, की जे त्याला, त्याच्या आईला आणि आजवरच्या डॉक्टरांना कोणालाच ठाऊक नसते. याला डॉक्टरी भाषेत ‘इन्सिडेंटल फाइंडिंग’ म्हणतात. मी त्याला ‘ओघाने सापडलेले’ म्हणेन.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. असे जन्मजात वेगळेपण फोटोत दिसणे म्हणजे रोग नव्हे, आणि केवळ ते दिसले म्हणून कोणाची रोजी जाता कामा नये. कला शाखेच्या विद्यार्थिनीने या वैद्यकीय भानगडीत का पडावे, असे विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. त्याचे कारण असे, की घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. डॉक्टरांचा कागद, बँकेचा कागद, वीजबिलाची नोटीस, सारे माझ्याच हातात येते. कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या पिढीच्या माझ्यासारख्या अनेकांना हा अनुभव असेल.

तर, हा कणा घडतो कसा? आपल्या पाठीत मणके ३३. मानेचे ७, छातीमागचे १२, कमरेचे ५, माकडहाडाच्या वरचे ५ आणि शेवटचे ४. खालचे नऊ मोठेपणी एकमेकांत जुळून दोनच हाडे होतात, म्हणून सुटी हाडे मोजली तर २६ भरतात. (जिराफाच्या मानेतही मणके सातच असतात, हे ऐकून माझ्या धाकट्या बहिणीला फार अन्याय झाल्यासारखे वाटले.) हे सारे आईच्या पोटात पहिल्या दोन महिन्यांत आखले जाते. बाळाची लांबी तेव्हा बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसते. प्रत्येक मणक्याचा पुढचा ठोकळा डाव्या आणि उजव्या अशा दोन अर्धांचा बनतो आणि ते मध्ये जुळतात. मागच्या बाजूला मज्जारज्जूवर कमान बसते.

इतक्या घाईच्या बांधकामात कुठे काही राहून जाते. दोन अर्धे मध्ये जुळलेच नाहीत, तर समोरून काढलेल्या फोटोत तो मणका पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा दिसतो. त्याला नावही ‘बटरफ्लाय व्हर्टिब्रा’, म्हणजे फुलपाखरी मणका असेच आहे. रोकितान्स्की या विकृतिशास्त्रज्ञाने तो १८४४ सालीच, म्हणजे क्ष-किरणांच्या पन्नास वर्षे आधी, वर्णन करून ठेवला होता. अर्थात मृतदेहात पाहून. एक अर्धा मुळीच तयार झाला नाही तर ‘अर्धमणका’ होतो, आणि पाठ एका बाजूला कलू लागते. दोन शेजारचे मणके सुटे न होता एकसंध राहिले तर ‘ठोकळा मणका’. मानेचे मणके असे जुळलेले असण्याला क्लिपेल आणि फाइल या पॅरिसच्या दोन डॉक्टरांचे नाव आहे. १९१२ साली त्यांनी त्याचे वर्णन केले. कमरेचा शेवटचा मणका खालच्या हाडाला चिकटलेला असणे किंवा मागची कमान नीट न मिटणे हे तर बरेच आढळते. ती न मिटलेली कमान वर कातडीने झाकलेली आणि निरुपद्रवी अशी दहा माणसांत एखाद्या-दुसऱ्याची असते. म्हणजे आमच्या शंभर जणांच्या वर्गात दहापंधरा जण तसे निघतील, आणि तेच क्रिकेटच्या संघातही असतील.

सगळेच निरुपद्रवी असते असेही माझे म्हणणे नाही. वाढत्या वयाच्या मुलात अर्धमणका असेल तर पाठ वाकत जाते आणि वेळेवर लक्ष दिले नाही तर शस्त्रक्रियेची पाळी येते. मानेच्या अगदी वरच्या दोन मणक्यांतला दोष धक्क्याने घातक ठरू शकतो. कमरेवर केसांचा झुपका किंवा खळगा असेल, पायात अशक्तपणा असेल, लघवीवर ताबा नसेल, तर मज्जारज्जू खाली अडकलेला आहे का हे पाहावेच लागते. मणके आणि मूत्रपिंडे गर्भात एकाच सुमारास घडतात, म्हणून कण्यात जन्मजात दोष सापडला की जाणते डॉक्टर पोटाची सोनोग्राफी सुचवतात. ओघाने सापडलेल्या गोष्टीचा हा खरा उपयोग. माणसाला तपासावे, गरज असेल तर पुढचे पाहावे, आणि नसेल तर त्याला तसे स्पष्ट सांगून घरी पाठवावे. पण होते काय, ते आमच्याच घरचे सांगते.

माझे वडील माथाडी कामगार. गाव पाटण तालुक्यातले. तीस वर्षे त्यांनी वाशीच्या बाजारात गोण्या वाहिल्या; त्यात शंभर-शंभर किलोच्याही होत्या. त्यांच्या पाठीचा फोटो कोणी कधी काढला नाही. दादाने तरी पाठीवर ओझे घेऊ नये असे त्यांना वाटे, म्हणून बारावीनंतर दादा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंग खात्यात लागणार होता. नाव नोंदवले, कागद दिले, तपासणी झाली. छातीचा फोटो काढला तो क्षयरोग नाही ना हे पाहण्यासाठी. फुप्फुसे स्वच्छ होती. रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीत मात्र लिहिले होते, की छातीमागचा आठवा मणका फुलपाखरी आहे आणि हे ओघाने सापडले आहे. ठेकेदाराच्या माणसाने ती शेवटची ओळ तेवढी वाचली. “पाठीत फॉल्ट आहे, वजनाचं काम जमायचं नाही,” असे सांगून त्याने फाइल परत दिली. दादा शाळेत असल्यापासून कबड्डी खेळतो. त्याची पाठ आयुष्यात कधी दुखलेली नाही. हे त्याने सांगितलेही, पण कागदापुढे माणसाचे कोण ऐकतो?

घरी आल्यावर निराळेच सुरू झाले. शेजारच्या एका काकांनी मणक्याच्या टीबीचे नाव काढले. त्यांचाही सर्वस्वी दोष नाही. आपल्याकडे मणक्याचा टीबी खरोखरच होतो, आणि बाजूने काढलेल्या फोटोत फुलपाखरी मणका पाचरीसारखा चेपलेला दिसतो, त्यामुळे तो टीबीचा किंवा मोडलेला मणका आहे असे अनुभवी माणसालाही क्षणभर वाटू शकते. दोन दिवस आईने दादाचे ताट-वाटी वेगळी ठेवली. नंतर आजी गावाहून आली आणि तिने मूळच शोधून काढले. दादा पोटात असताना ग्रहण लागले होते, आणि आईने विळीवर भाजी चिरली होती!

आजीच्या हिशेबात ग्रहण खरे होते. ११ ऑगस्ट १९९९, आषाढातली दिव्यांची अमावास्या, संध्याकाळचे सूर्यग्रहण. दादाचा जन्म त्याच वर्षी डिसेंबरातला. म्हणजे ग्रहणाच्या दिवशी आईला पाचवा महिना होता, आणि मणके तर दुसऱ्या महिन्यातच घडून गेलेले. मी आजीला बोटांवर महिने मोजून दाखवले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुझं पुस्तक खरं असंल, पण विळी घ्यायला नको होती.” तर्कशास्त्राच्या तासाला आपण काकतालीय न्याय शिकतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि दोष कावळ्याच्या माथी येतो. आमच्या घरी तो कावळा म्हणजे आई. पंचवीस वर्षांनी तिला कळले की तिच्या हातून काहीतरी झाले होते, आणि ते झालेच नव्हते. तिला हे पटवायला मला जितका वेळ लागला तितका एकाही ट्युटोरियलला लागलेला नाही.

पण आजीला हसणाऱ्यांनी जरा थांबावे. फोटोत मणका वेगळा दिसतो, म्हणून हा माणूस उद्या पाठ धरून बसेल, हा ठेकेदाराच्या माणसाचा तर्क विळीच्या तर्कापेक्षा फारसा वेगळा आहे का? १९९४ साली अमेरिकेत पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांच्या कमरेचे एम.आर.आय. काढून पाहिले. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांच्या मणक्यांमधली एक तरी चकती बाहेर फुगलेली निघाली, आणि सर्व चकत्या निर्दोष अशी माणसे अवघी ३६ टक्के होती. हा जन्मजात दोषांचा प्रश्न नव्हे, झिजेचा आहे, हे मला मान्य. पण मुद्दा तोच. चांगल्या चालत्याबोलत्या माणसाच्या पाठीत यंत्र घातले तर काही ना काही निघतेच. यंत्र जितके सूक्ष्म, तितके अधिक निघते.

आणि हा प्रश्न आमच्या रबाळ्यात प्रथम पडला असेही नाही. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या आणि कारखाने नोकरीपूर्वी उमेदवारांच्या कमरेचे एक्स-रे काढत. शेवटचा मणका चिकटलेला, कमान न मिटलेली, असे काही दिसले की उमेदवार बाद. कल्पना अशी, की पाठदुखीचे दावे आधीच टाळता येतील. यात हजारो धडधाकट माणसे बाद झाली असतील, आणि पाठदुखी काही थांबली नाही. कारण ती मुख्यतः ओझ्यातून, वाकण्यातून आणि न मिळणाऱ्या विश्रांतीतून येत होती. शेवटी १९७३ साली ॲरिझोनातल्या टक्सन येथे क्ष-किरणतज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ आणि औद्योगिक वैद्यकातले डॉक्टर यांची या एकाच विषयावर परिषद भरली. पुढे ही प्रथा हळूहळू मागे पडली. शिवाय कमरेच्या एक्स-रेला छातीच्या फोटोपेक्षा कितीतरी पट अधिक किरण लागतात, ते निष्कारण अंगावर घेणे हेही चुकीचेच. जे तिथे पन्नास वर्षांपूर्वी टाकून दिले गेले, ते आपल्याकडे नियम म्हणून नव्हे, नुसत्या भीतीपोटी आणि अर्धवट वाचलेल्या ओळीवरून चालू राहावे, हे बरे नाही.

मालकाच्या बाजूने काय म्हणता येईल याचाही मी विचार केला. उद्या या मुलाची पाठ दुखली तर भरपाई कोण देणार, अशी त्याची धास्ती असते. कामगार भरपाईचा कायदा १९२३ सालीच झाला, त्यामुळे ही धास्ती खोटी म्हणता येत नाही. काही कामे अशीही आहेत, की जिथे कण्याची कसून तपासणी हवीच. हवाई दलात वैमानिक निवडताना पाठीच्या कण्याचे फोटो काढतात. विमान पेटले तर आसनासकट बाहेर फेकले जाताना कण्याला जो तडाखा बसतो तो सोसणारा कणा लागतो. तिथे कामाचा आणि तपासणीचा संबंध सरळ आहे. पण खोक्यांना चिकटपट्टी लावण्याच्या कामाला वैमानिकाचा कणा कशाला? आणि काम जर इतके अवजड असेल, तर १९४८ च्या कारखाना कायद्याचे ३४ वे कलम काय सांगत होते तेही मालकाने वाचावे. इजा होईल इतके जड ओझे कोणाही माणसाला उचलायला लावू नये, असे ते कलम होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषाने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. ओझे कमी करण्याऐवजी ओझ्याला पुरतील असे कणे निवडत बसणे हा उलटा न्याय झाला. आमच्या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, तो पाठीवर ओझे वाहणाऱ्यांना माणूस म्हणून नोंद, मजुरी आणि संरक्षण मिळावे म्हणून. त्याच माथाड्याच्या मुलाला पाठीच्या फोटोवरून दारातून परत पाठवायचे?

यात आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला, त्यात राखीव जागांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. दादाला कुठलेच अपंगत्व नाही, म्हणून दाखला मिळणार नाही, आणि मिळूही नये. म्हणजे सरकारच्या लेखी तो धडधाकट आणि ठेकेदाराच्या लेखी सदोष. या दोहोंच्या मध्ये जी माणसे पडतात त्यांनी दाद मागायची कुठे?

पुढे आम्ही दादाला एका सार्वजनिक रुग्णालयात नेले. रांग मोठी होती, पण हाडांचे डॉक्टर चांगले भेटले. त्यांनी आधी फोटो पाहिला नाही. शर्ट काढायला लावला, पुढे वाकायला सांगितले, पाठीवरून बोटे फिरवली, टाचांवर आणि चवड्यांवर चालवून पाहिले, गुडघ्याखाली हातोडी मारली. मग फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, “हा जन्मापासूनचा आहे, तुझ्याबरोबर वाढला, काही करायचं नाही. एकदा सोनोग्राफी करून घे.” तीही निर्दोष आली. ‘कोणतेही काम करण्यास योग्य’ असे त्यांनी लिहून दिले. तो कागद घेऊन दादा ठेकेदाराकडे गेला तेव्हा जागा भरली होती. आता तो पाण्याचे वीस-वीस लिटरचे जार दोन हातांत घेऊन चार-चार मजले चढतो. लिफ्ट असली तरी जारवाल्याला ती पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. या कामाला त्याच्याकडे पाठीचा फोटो कोणीही मागितला नाही.

मला तीन-चार साध्या गोष्टी व्हाव्यात असे वाटते, आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही. फोटोत ओघाने काही सापडले तर ते प्रथम त्या माणसाला सांगावे, मालकाला नव्हे. मालकाला फक्त योग्य की अयोग्य एवढे कळवावे. अयोग्य म्हणायचे तर फोटो पाहून नव्हे, माणूस तपासून म्हणावे, आणि कारण लेखी द्यावे, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांना ते दाखवता येईल. रिपोर्टाखाली मराठीत दोन ओळी असाव्यात. ‘हे जन्मापासून आहे, संसर्गजन्य नाही’ एवढे लिहिले असते तर आमच्याकडे ताट वेगळे झाले नसते. डॉक्टरांना वेळ नसतो हे मला दिसते. एकेका बाह्यरुग्ण विभागातली गर्दी पाहिली की त्यांचीच कीव येते. पण रिपोर्ट टाइप करणाऱ्या यंत्रात मराठीही असतेच की.

जे आपल्या हातात आहे तेही सुचवते. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी होते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, भिंती रंगवतो. ते चालू ठेवावे. पण त्यातला एक रविवार रबाळ्यातल्या वस्तीत रिपोर्ट वाचून दाखवण्यासाठी द्यावा. एखादे निवृत्त डॉक्टर दोन तास बसायला तयार होतील. प्राध्यापकांच्या ओळखीत असे कोणी असेलच. आम्ही कलेचे विद्यार्थी टेबलापाशी बसून लोकांचे कागद लावू, इंग्रजीचे मराठी करू, आणि जिथे आम्हांला कळणार नाही तिथे डॉक्टरांकडे बोट दाखवू. लोकांनी फक्त आपापल्या पिशव्या आणायच्या. आमच्या चाळीत प्रत्येक घरी अशी एक प्लॅस्टिकची पिशवी खुंटीला टांगलेली असते, आणि तिच्यातले निम्मे फोटो कशासाठी काढले होते हे घरात कोणालाच सांगता येत नाही. पुढच्या शिबिराच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. नावे द्यायची असतील त्यांनी त्याआधी मला ग्रंथालयात भेटावे. दुपारी दोननंतर मी तिथेच असते.